सहा दिवसांची सहल आणि एकशे ब्याऐंशी दिवसांचा हिशेब

पर्युषण आटोपल्यावर क्षमापनेच्या निमित्ताने एक परिचित कुटुंब घरी आले होते. मार्केट यार्डात त्यांची तीन पिढ्यांची धान्याची अडत. वडील हयात असताना त्यांचे खाते माझ्या शाखेत होते, त्यामुळे दोघे मुलगे मला आजही काकाच म्हणतात. मिच्छामि दुक्कडम् झाले, चहा झाला, आणि थोरल्याने पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. दुबईतील एका उंच इमारतीचे चित्र, आणि त्याखाली ‘गोल्डन व्हिसा’ ही सोनेरी अक्षरे. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत सगळे सहा दिवस तिकडे जाऊन आले होते. दिवाळीचे वहीपूजन उरकून कायमचे तिकडे जायचे, असे आता ठरत आले होते.

“काका, तिथे कर नाही, खड्डे नाहीत, रात्री बारा वाजता बायका एकट्या फिरतात,” थोरला सांगत होता. त्यात खोटे काही नव्हते. मात्र मे महिन्यात गेल्यामुळे त्यांनी ते शहर बहुतांशी वातानुकूलित काचेआडूनच पाहिले होते. पाहुणा म्हणून पाहिलेले गाव आणि भाडेकरू म्हणून पाहिलेले गाव यांत फरक असतो. पण मी त्यावर बोललो नाही. मी एवढेच विचारले, “पैसे दिलेस का काही?”

दिले होते. शेवटच्या दिवशी फ्लॅटची नोंदणी म्हणून ४० हजार दिरहम, क्रेडिट कार्डावरून.

येथूनच माझ्या बँकेतल्या जुन्या सवयी जाग्या झाल्या. परदेशात असताना क्रेडिट कार्ड वापरता येते ते प्रवासातील खर्चासाठी. हॉटेल, जेवण, खरेदी यांसाठी. स्थावर मालमत्ता घेणे हा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, दृष्टीने भांडवली व्यवहार आहे, आणि त्याचा रस्ता ठरलेला आहे. निवासी भारतीय व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठविता येते. त्यात परदेशी घरही बसते. कार्ड घासून केलेली नोंदणी या रस्त्यावर बसत नाही. थोरल्याला हे कोणी सांगितले नव्हते. पुस्तिका देणाऱ्या माणसाचे ते कामही नव्हते.

मग कागद-पेन्सिल घेतली. गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा असतो, आणि मालमत्तेच्या आधारे तो हवा तर तिची किंमत किमान २० लाख दिरहम लागते. दिरहमचा दर १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ असा बांधलेला आहे. म्हणजे सुमारे ५ लाख ४४ हजार डॉलर. भूमी विभागाचे ४ टक्के नोंदणी शुल्क धरले की ५ लाख ६६ हजार. पती-पत्नी दोघांची वर्षाची मर्यादा मिळून ५ लाख होते. उरलेले ६६ हजार डॉलर एकतर तिसऱ्या नातलगाच्या मर्यादेतून जायला हवेत, नाहीतर १ एप्रिलची वाट पाहायला हवी. घर दोघांच्या नावे घेतल्यास व्हिसाच्या पात्रतेचा निकष नेमका कसा लागतो, हेही तिथल्या भूमी विभागाकडून आधी लेखी विचारून घ्यावे, असे मी सुचविले.

यापुढचा आकडा ऐकून धाकटा सावरून बसला. अशा कारणासाठी पाठविलेल्या रकमेवर, वर्षाला १० लाख रुपयांच्या वर, बँक २० टक्के दराने उगमस्थानी करसंकलन (टीसीएस) करते. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरू. २,५०,००० डॉलर म्हणजे सव्वादोन कोटी; त्यातून १० लाख वजा जाता २ कोटी १५ लाखांवर ४३ लाख. दोघांचे मिळून ८६ लाख. हा खर्च नव्हे. तो विवरणपत्रात वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो, आगाऊ कर भरतानाही हिशेबात घेता येतो. पण ज्याच्या हाती वहीतला माल आणि उधारी फिरते, त्या व्यापाऱ्याचे ८६ लाख कित्येक महिने अडकणे म्हणजे काय, हे मार्केट यार्डातील कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

“मग एचयूएफमधून पाठवू,” थोरला म्हणाला. आपल्या बहुतेक पेढ्यांमध्ये हिंदू अविभक्त कुटुंबाचे स्वतंत्र खाते असते आणि शिल्लक तिथेच असते, म्हणून हा विचार सर्वांनाच सुचतो. परंतु एलआरएस ही केवळ व्यक्तींसाठी आहे. एचयूएफ, भागीदारी पेढी, कंपनी, ट्रस्ट यांना ती नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. एचयूएफचा ताबा आणि कारभार संपूर्णपणे भारताबाहेर असेल तरच ते कुटुंब करासाठी अनिवासी ठरते. कर्ता दुबईत जाऊन बसला, पण धाकटा भाऊ इथे खरेदी-विक्रीचे निर्णय घेत राहिला, तर कुटुंब निवासीच राहते.

तिसरा उपाय त्याने उच्चारला नाही, पण डोळ्यांत दिसला. इथे रोख द्यायची आणि तिथे कोणी दिरहम द्यायचे. आपल्या समाजात या विषयावर कुजबुज होते, उघड बोलले जात नाही. म्हणून इथे स्पष्ट लिहितो. तो हवाला आहे. फेमाखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय परदेशात नियमबाह्य रीतीने धरलेल्या मालमत्तेच्या किमतीइतकी भारतातील मालमत्ता जप्त करण्याची तरतूद २०१५ मध्ये कायद्यात आली आहे. तिथल्या फ्लॅटपायी इथली वडिलोपार्जित पेढी गमावण्याची ती वाट आहे.

आता राहण्याच्या नियमांविषयी. पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा असतो आणि त्यावर काम करता येत नाही. ओळखीच्या दुकानात ‘तोवर जरा बसतो’ हेसुद्धा चालत नाही. परवान्याविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला तिथे १ लाख ते १० लाख दिरहम दंडाची तरतूद २०२४ मध्ये झाली. निवासाचा व्हिसा हवा तर नोकरी, कंपनीतील भागीदारी किंवा मालमत्ता यांपैकी एक आधार लागतो. मग रक्ततपासणी व छातीचा एक्स-रे, एमिरेट्स आयडी, भाडेकराराची ‘इजारी’ नोंदणी, आरोग्यविमा. साधा निवासी व्हिसा असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला तर तो व्हिसा संपुष्टात येतो. गोल्डन व्हिसाला ही अट नाही, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. आणि यांतला कोणताही व्हिसा म्हणजे नागरिकत्व नव्हे. मुलगा २५ वर्षांचा झाला की साध्या व्हिसावर बापाच्या आधाराने राहू शकत नाही. त्याला स्वतःचा आधार शोधावा लागतो. अविवाहित मुलीला मात्र वयाची अट नाही.

‘कर नाही’ हेही अर्धेच खरे. व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, परंतु १ जून २०२३ पासून सुरू झालेल्या हिशेबवर्षांपासून व्यवसायाच्या ३,७५,००० दिरहमांवरील नफ्यावर ९ टक्के कर आहे. ५ टक्के व्हॅट २०१८ पासूनच आहे.

एवढे बोलून झाल्यावर मी विचारले, “दिवाळीनंतरच का निघायचे?” वहीपूजन बापजाद्यांच्या गादीवर करून मग निघावे, असे आईचे म्हणणे होते. भावना योग्य, पण हिशेबात ती महाग पडते. आपले आयकर वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात भारतातील वास्तव्य १८२ दिवस झाले की ती व्यक्ती त्या संपूर्ण वर्षासाठी निवासी. १ एप्रिलपासून मोजले तर २९ सप्टेंबरला १८२ दिवस भरतात. दिवाळी त्यानंतर येते. म्हणजे नोव्हेंबरात गेलेल्या माणसाचे मार्चपर्यंतचे दुबईतील उत्पन्नही त्या वर्षी भारतातील विवरणपत्रात दाखवावे लागते.

फेमाचे गणित मात्र वेगळे. तिथे दिवस नव्हे, हेतू पाहतात. नोकरी-व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने माणूस निघाला की त्या दिवसापासून तो अनिवासी. त्यामुळे एकच माणूस एकाच दिवशी एका कायद्याने निवासी आणि दुसऱ्याने अनिवासी असू शकतो. बचत खाते ‘एनआरओ’त बदलणे ही त्याची जबाबदारी आहे, आणि हे काम लोक वर्षानुवर्षे करीत नाहीत. माझ्या नोकरीच्या काळात दहा-दहा वर्षे परदेशी राहून जुनेच बचत खाते चालविणारे कितीतरी ग्राहक मी पाहिले. त्यांना बोलावून समजावण्यात माझ्या कित्येक दुपारी गेल्या. पीपीएफचे जुने खाते मुदतीपर्यंत चालते, पण पुढे वाढविता येत नाही. शेतजमीन असेल ती राहते, नवीन घेता येत नाही. असो.

इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनींनी तेव्हा विचारले, “भाऊसाहेब, मी चातुर्मासात इथे यायचे म्हटले तर चालेल का?”

प्रश्न साधा होता, परंतु सगळ्या चर्चेत तोच सर्वांत अवघड निघाला. त्यांचे रोजचे सामायिक, स्थानकातील व्याख्यान, संध्याकाळच्या आतले जेवण, साधु-साध्वींचे दर्शन. पंच महाव्रतधारी साधु-साध्वी पायी विहार करतात, ते समुद्रापार येत नाहीत. चार महिने त्यांनी इथे राहायचे तर त्यांच्याबरोबर कोणीतरी राहायला हवे. आणि २०२० च्या वित्त कायद्याने असे केले आहे, की ज्या अनिवासी नागरिकाचे भारतातील उत्पन्न १५ लाखांवर आहे, तो वर्षात १२० दिवस इथे राहिला आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस राहिलेला असला, तर तो निवासी ठरतो. ‘सामान्यतः निवासी नसलेला’ या सौम्य प्रकारातला, पण निवासीच. चातुर्मास जवळजवळ १२० दिवसांचाच. अशा माणसाचा परदेशातील व्यवसाय भारतातून चालविला जात असेल, तर त्याच्या नफ्यावरही इथे कर लागतो. दुसऱ्या बाजूने, भारत-अमिरात करारानुसार तिथला निवासी म्हणून लाभ घ्यायचा तर जानेवारी ते डिसेंबर या वर्षात १८३ दिवस तिथे असावे लागते. खुद्द वहिनींचा व्हिसा मुलाच्या उत्पन्नावर, घरावर आणि विम्यावर अवलंबून, आणि बहुधा वर्षावर्षाचा. सत्तरीतल्या व्यक्तीच्या विम्याचा हप्ता किती, हे त्या पुस्तिकेत छापलेले नव्हते.

आपल्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा श्रावकाने स्वतः आखून घ्यायची. वहिनींनी ते घेतलेले आहे, आणि मुंबईपलीकडची दिशा त्यात नाही, हे मुलांना त्या दिवशी माझ्या बैठकीत प्रथमच कळले. मे महिन्याच्या सहलीला त्या गेल्याच नव्हत्या. कोणी कारण विचारले नव्हते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थोरला म्हणाला, “आई, तू सांगितले का नाहीस?” त्या म्हणाल्या, “तुम्ही विचारले असते तर सांगितले असते.”

त्यानंतर तिघे आणखी दोनदा आले. दुसऱ्या वेळी त्यांचे सनदी लेखापालही होते. फ्लॅटची नोंदणी रद्द केली. ४० हजार दिरहम परत आले नाहीत, आणि त्या कार्डाच्या व्यवहाराबद्दल काय करायचे, ते लेखापाल पाहत आहेत. थोरला इथेच राहणार. धाकट्याच्या एका मित्राची तिथे मसाल्याच्या घाऊक व्यापाराची कंपनी आहे. तिच्यात तो भागीदार होणार. त्यासाठी बँकेकडे आधी फॉर्म भरून विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो आणि मगच भांडवल पाठविता येते, तेवढे काम मी त्याच्याबरोबर शाखेत जाऊन करून दिले. त्याची पत्नी आणि लहान मुलगी पहिले वर्ष इथेच राहतील. शाळेचे आणि घरभाड्याचे खरे आकडे स्वतः राहून पाहिल्यावर पुढचे ठरवायचे, असे दोघांनी ठरविले आहे.

यंदाचे वहीपूजन त्याने गादीवरच केले. तिकीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचे आहे. पर्युषणाचे आठ दिवस आणि दिवाळी यांसाठी तो येईल; त्याचे इथले दिवस मोजण्याकरिता वहिनींनी दिनदर्शिकेवर तांबड्या पेनाने खुणा करायचे ठरविले आहे, आणि येण्याचा दिवस व जाण्याचा दिवस हे दोन्ही सावधगिरी म्हणून मोजावेत, एवढे मी त्यांना सांगून ठेवले आहे.