‘आमच्या पोराला डोकंच नाही’ असे म्हणण्यापूर्वी

सहामाही परीक्षेचे निकाल नुकतेच लागले होते. नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीत जाण्याचा प्रसंग आला. वालीवच्या गाळ्यात पॅकिंगचे काम करणारी एक माउली सातवीतल्या मुलाचे प्रगतिपुस्तक घेऊन बसली होती. गणित आणि इंग्रजी, दोन्हींत खालची श्रेणी. ती म्हणाली, “ताई, आमच्या पोराला डोकंच नाही बघा. पुढच्या वर्षी लावते कुठं तरी कामाला.” पोरगा कोपऱ्यात मान खाली घालून ऐकत होता.

भगिनींनो, डोक्याचा निवाडा करण्याआधी त्या मुलाचा दिवस पाहू या.

दोन मुलांचे घड्याळ

या मुलाचे वडील रंगकाम करतात. पहाटेची विरार लोकल पकडतात, ते रात्री दहाला परततात. आई सात वाजता शेअर रिक्षाने गाळ्यावर जाते. पाणी भरणे आणि धाकट्या बहिणीला बालवाडीत सोडणे-आणणे मुलाकडे. दुपारची शाळा. संध्याकाळी एकाच खोलीत स्वयंपाक, टीव्ही आणि पाच माणसे. पुस्तक उघडायला नऊ वाजतात आणि साडेनऊला डोळे मिटतात. गणित अडले तर विचारायचे कोणाला? आई चौथीपर्यंत शिकलेली, वडिलांची शाळा पाचवीत सुटलेली.

रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये त्याच वयाचा दुसरा मुलगा राहतो. त्याला स्वतःचे टेबल आहे, शिकवणी आहे, अडले तर सांगणारे वडील आहेत. तो काही अवतारी नाही आणि आपला मुलगा आळशी नाही. एकाला रोज अभ्यासाचे तीन तास मिळतात, दुसऱ्याला अर्धा. वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात हाच हिशेब उतरतो, आणि आपण त्याला ‘डोके’ म्हणतो.

परळची खोली आठवा

परमपूज्य बाबासाहेबांचे बालपणीचे घरही मोठे नव्हते. परळच्या डबक चाळीत एकच खोली. दोघांना नीट झोपायलाही जागा नाही. म्हणून सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्या जागी आपण झोपत. पुस्तकासाठी पैसे नसले की लेकींचे दागिने गहाण पडत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली.

बाबासाहेबांची बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. पण त्या बुद्धीला बापाची झोप, बहिणींचे दागिने, गुरुजींचा शब्द आणि महाराजांची मदत लाभली. एवढे करूनच ती वर आली. मग साध्या मुलाने काहीही आधार नसताना वर यावे, अशी अपेक्षा आपण कशी करतो?

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. 1927 साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिले, की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ 18 चौथीपर्यंत पोहोचतात; बाकीची 82 पुन्हा निरक्षर होतात. दोष त्यांनी मुलांच्या डोक्याला दिला नाही. सरकारने शिक्षणावर अधिक खर्च करावा, अशी मागणी केली.

अमेरिकेत 1966 साली कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा मोठा अहवाल आला. मुलांच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा असतो, असे त्यात दिसले. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे: चांगल्या शिक्षकाचा फायदा गरीब मुलाला अधिक होतो. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत रिकामी राहिलेली शिक्षकाची जागा टॉवरमधल्या मुलापेक्षा आपल्याच मुलाला जास्त महागात पडते.

नववीची पायरी

2010 साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला. खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी 25 टक्के जागा आल्या. 2024 साली राज्य सरकारने नियम बदलून ही वाट अरुंद केली होती. उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पण या कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. नववीत फी सुरू होते आणि तेथेच अनेक घरांत शाळा सुटते. त्यासाठी तयारी आधीपासून हवी.

सरकारी, जिल्हा परिषदेच्या वा अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलाला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला अवश्य बसवा. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. दहावीनंतर शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला ऐनवेळी धावपळ करून मिळत नाही. तो आताच काढून ठेवा.

आपल्या हाती काय?

रोज एक तास टीव्ही आणि मोबाइल बंद. पाणी भरण्याचे काम घरात वाटून घ्या. मुलीवर तर सगळे मुळीच टाकू नका. आईला वाचता येत नसले तरी “आज काय शिकवलं, मला सांग” असे विचारता येते. सांगता सांगता मुलाचा धडा पक्का होतो.

वस्तीतले बुद्धविहार संध्याकाळी रिकामे असते. तेथे सात ते नऊ दिवा, सतरंजी आणि कॉलेजात जाणारे दोन तरुण मिळाले, तर वीस मुलांना टेबल मिळाल्यासारखे होईल. शाळेत शिक्षक पुरेसे नसतील, तर पालकांनी एकत्र येऊन अर्ज द्यावा. एकट्या आईला कार्यालयात कोणी विचारत नाही. पन्नास आया गेल्या, तर खुर्च्या मांडल्या जातात.

त्या माउलीला मी एवढेच म्हटले, “बाई, कामाला लावायचा विचार वर्षभर बाजूला ठेव. आधी त्याला रोज दोन तास दे, मग डोके आहे की नाही ते बघू.” तिने प्रगतिपुस्तक मिटले आणि मुलाला म्हणाली, “उद्यापासून पाणी मी भरते.”

पोराने पहिल्यांदाच मान वर केली.