दोन तुकडे, एक नोट

मुंबई, फोर्ट. एका हॉटेलच्या हॉलमध्ये जुन्या नोटांचा लिलाव आहे. बोली दुपारी लागणार, तोवर पाहणी चालू आहे. कुणी भिंगातून नंबर वाचतंय, कुणी कॅटलॉगच्या समासात पेन्सिलीने आपला शेवटचा आकडा लिहून तो तळहाताखाली झाकतंय. हातात कप घेऊन आत शिरणाऱ्या एकाला कर्मचारी दारातच अडवतो, "शेठ, चहा बाहेर."

माझ्यासमोर दहा रुपयांची नोट येते. मुंबई चलन-मंडळाची, शंभराहून जास्त वर्षांची. मागची बाजू कोरी. पुढे फिकट हिरवी नक्षी आणि काळ्या शाईत दहा रुपये देण्याचं सरकारी वचन. नोटेचं पाकीट दिव्यासमोर धरल्यावर जलचिन्हाच्या नागमोडी रेघा दिसतात आणि मधोमध तुटतात. नोट उभी कापलेली आहे. मागून कागदाची अरुंद पट्टी चिकटवून ती पुन्हा जोडलीय.

"फाटलेली नाही ही, मुद्दाम कापलीय," शेजारी बसलेले पुण्याचे एक वयस्क संग्राहक सांगतात. "परगावी पैसे धाडायचे तर अर्धी नोट टपालाने पुढे पाठवायची. ती पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराला त्याचा काय उपयोग?" ते भिंग माझ्याकडे सरकवतात. "नंबर बघा. दोन्ही तुकड्यांवर तोच."

खरंच तोच आहे. पट्टीही कुणीतरी नीट मापून लावलीय, नक्षीची रेघ रेघेला भिडवून.

नोटा काढायचा हक्क १८६१ च्या कायद्याने सरकारने बँक ऑफ बाँबेसारख्या प्रेसिडेन्सी बँकांकडून आपल्याकडे घेतला. पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणी होती. त्यांच्या नकला निघू लागल्या म्हणून १८६७ पासून ही एका बाजूनेच छापलेली मालिका आली. तेव्हा नोट आपापल्या मंडळापुरतीच कायदेशीर होती. मुंबईची नोट कलकत्त्यात घ्यायचं बंधन कुणावर नव्हतं. नागपूर आणि अकोल्यालाही उपमंडळं होती. पुढे पाचाची नोट १९०३ साली ब्रह्मदेश सोडून सर्वत्र, दहा आणि पन्नासाची १९१० साली, तर शंभराची १९११ साली देशभर चालू लागली.

समोरच्या टेबलावर एक तरुण व्यापारी १९३८ सालची रिझर्व्ह बँकेची शंभराची नोट तपासतोय. गव्हर्नर टेलर यांची सही, कागद करकरीत. तो टॉर्च आडवा धरतो आणि तिरक्या उजेडात कागदावर घडीची पुसट रेघ उमटते. "प्रेस केलीय," तो म्हणतो आणि कॅटलॉगमधल्या त्या लॉटवर काट मारतो. कडेला दोन बारीक भोकंही आहेत, गड्डीला टाचणी मारल्याची. दर्जा ठरवणाऱ्या संस्था सत्तरपैकी आकडा देतात. एक घडी, एक भोक, की आकडा उतरतो आणि त्याबरोबर भावही.

खुर्च्या भरेपर्यंत गप्पा 'शिराला' जहाजाच्या. लंडनहून मुंबईकडे नोटा घेऊन निघालेलं हे जहाज २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यातल्या काही नोटा इंग्लंडच्या किनाऱ्याला लागल्या; त्यांपैकी दहा रुपयांच्या दोन २०२४ साली लंडनच्या लिलावात आल्या.

बोली सुरू होते. अडीच रुपयांची नोट पडद्यावर येताच हॉल ताठ बसतो. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, रुपयाची नाणी पाडणं परवडेना, म्हणून १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची आणि १९१८ च्या जानेवारीत दोन रुपये आठ आण्यांची ही नोट निघाली. १९२६ मध्ये ती बंदही झाली. पॅडल भराभर वर जातात. फोन लावून बसलेली मुलगी हात वर करते, तशी पहिल्या रांगेतून लगेच वरची बोली येते. एक वार, दोन वार, तीन वार. हातोडा पडतो.

मग कापलेली नोट येते. पॅडल दोनच उठतात, एक पुण्याच्या काकांचं. दुसरा लवकरच थांबतो. नोट काकांची होते आणि ते लॉटच्या नंबराभोवती जाड गोल काढतात.

मला बाजाराचा हा हिशेब पटत नाही. तिजोरीत पडून कोरी राहिलेली नोट देखणी असते, हे मान्य. पण कापली गेलेली, दोन टपालांतून प्रवास करून पुन्हा जोडली गेलेली नोट आपल्या आजोबा-पणजोबांचा व्यवहार कसा चालायचा ते दाखवते. संग्रहात मान तिला मोठा हवा.

घरच्या जुन्या पेटीत अशी नोट सापडली, तर ती धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. कोणाची, कुठून आली ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. आणि जुन्या नोटेचे लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपण त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.