घरातील ढेकूण वेळीच ओळखा

सकाळी हातावर, मानेवर खाजणाऱ्या गांधी दिसल्या, की आपण डासांना दोष देतो. गांधी एका ओळीत असतील तर बाज तपासावी. मात्र नुसत्या गांधींवरून निदान करू नये. काहींच्या अंगावर खूणही उठत नाही.

खरी खूण अंथरुणात सापडते. गादीच्या शिवणी, बाजेचे सांधे, नवारीच्या घड्या व भिंतीच्या भेगा बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात. शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके म्हणजे ढेकणांची विष्ठा होय. ओल्या फडक्याने पुसल्यास ते फिसकटतात. जवळच पिवळट, रिकाम्या काती आणि सुमारे १ मि.मी. लांबीची पांढरी अंडी चिकटलेली असतात. पूर्ण वाढलेला ढेकूण ५ ते ७ मि.मी. लांब, चपटा व तांबूस तपकिरी असतो. खोलीत उग्र वास येऊ लागला, तर उपद्रव बराच वाढला असे समजावे.

ढेकूण उपाशी राहून कित्येक महिने जगतो. म्हणून बंद खोलीतील बाजही पाहावी. ढेकूण आढळल्यास सांध्यांत उकळते पाणी ओतावे. धान्यासाठीच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या किंवा पिकावरील औषध घरात कदापि वापरू नये. त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू शेजारच्या खोलीत झोपलेल्यांचाही प्राण घेतो.