लाल व पांढरी वाइन : बागाइतदारानें पाहावयाची चव

द्राक्षें पिकविणारानें आपल्या मालाचें पुढें काय होतें हें जिभेनेंही जाणावें, या हेतूनें राजीव सामंत यांनीं १९९९ सालीं नाशिकजवळ स्थापिलेल्या सुला वाइनरीच्या दोन बाटल्या माटुंग्यास आमच्या बिऱ्हाडीं आणवून चाखल्या. माल भरंवशाचा वाटला.

पांढरी सोव्हिन्याँ ब्लाँ थंड करून घेतली. रंग फिकट पिंवळसर. वास नुकत्याच कापलेल्या गवताचा व ढोबळ्या मिरचीचा. चव आंबट व तरतरीत, गोडी जवळजवळ नाहींच. लाल शिराझचा रंग पिकल्या जांभळाचा, वासांत मिरीं, घोट उतरल्यावर जिभेवर सुपारीसारखा तुरटपणा राहतो.

हा भेद कृतीचा आहे. पांढरीसाठीं द्राक्षें आधीं पिळून नुसता रस आंबवितात. लाल वाइन सालीबियांसह आंबवितात, म्हणून रंग व तुरटी रसांत उतरतात. याकरितां या जातींचा दाणा लहान, जाड सालीचा व बियांचा असतो.

येथेंच बागाइतदारानें सावध व्हावें. थॉमसन सीडलेसला एक व्यापारी न मिळाल्यास दुसरा मिळतो, बेदाणाही करितां येतो. शिराझला मंडईंत गिऱ्हाइक नाहीं. वाइनरी हेंच एक दार. २००८ नंतर मागणी बसली, तेव्हां कित्येक शेतकऱ्यांनीं वेली उपटून टाकिल्या.

सबब चवीस भुलून लागवड करूं नये. दर, साखरेचें प्रमाण व माल उचलण्याची मुदत आधीं लेखी ठरवून घ्यावी, आणि तो करार सातबाराच्या उताऱ्याइतकाच जपावा.