जुन्या ट्रॅक्टरचा गळका इंजेक्टर : ओळख व दुरुस्ती

मृगाच्या सरी पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे पेरणीसाठी हाती असलेले दिवस मोजकेच असतात. नेमक्या त्याच वेळी जुना ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला किंवा सकाळी सुरू होईनासा झाला, तर शेतकऱ्याचा सारा हंगाम अडचणीत येतो. अशा बिघाडाच्या मुळाशी पुष्कळदा गळका इंजेक्टर असतो. गळतीची जागा वेळीच ओळखली तर काही वेळा तांब्याचा एक वॉशर बदलूनही काम भागते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर नुकसान पिस्टन आणि बेअरिंगपर्यंत पोहोचते.

इंजेक्टरचे कार्य

डिझेल इंजिनात ठिणगीची योजना नसते. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. रुडॉल्फ डीझेल यांनी 1897 साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे हे तत्त्व यशस्वी करून दाखविले. त्या इंजिनात इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरीत. पुढे 1927 साली बॉश यांच्या कारखान्यात इंधन-पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि लहान डिझेल इंजिनांचा मार्ग सुकर झाला.

जुन्या ट्रॅक्टरांत इंजेक्टर सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला 150 ते 250 किलोग्रॅम दाबाने उघडतो. मागच्या टायरमधील हवेचा दाब याच मापाने सुमारे 1 किलोग्रॅम असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दाबाची कल्पना येते. नोझलमधील सुई आणि तिचे घर यांत मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढीच फट असते. त्यामुळे धुळीचा बारीक कणही तेथे अनर्थ करतो.

गळतीचे तीन प्रकार

पहिला प्रकार बाहेरच्या गळतीचा. दाबाच्या नळीचा नट अथवा परतीच्या नळीवरील वॉशर सैल झाल्याने डिझेल पाझरते व त्यावर धूळ चिकटते. मिनिटाला 2 घनसेंटिमीटर डिझेल गळाले, तर 8 तासांत जवळजवळ 1 लिटर वाया जाते. परतीच्या नळीतून आतल्या आत थोडे डिझेल टाकीकडे जाणे मात्र स्वाभाविक असून तो दोष नव्हे.

दुसरा प्रकार इंजेक्टरच्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या वॉशरचा. तो खराब झाला म्हणजे सिलिंडरमधील वायू फुसफुस असा आवाज करीत बाहेर पडतो व इंजेक्टरभोवती काजळी जमते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक होय. यात नोझलच्या टोकातून फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. काळा धूर, ठोक्याचा आवाज आणि घटलेली ताकद ही याची लक्षणे. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते व खाली तेलात मिसळते. तेलपट्टीवरील पातळी वाढलेली दिसणे आणि तेलास डिझेलचा वास येणे, ही धोक्याची सूचना समजावी. फीड पंपाचा पडदा फाटल्यानेही असेच घडते. म्हणून तोही तपासावा.

दोषी इंजेक्टर शोधणे

इंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करावा. ज्याचा नट सैल केल्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, त्या सिलिंडरात दोष आहे असे समजावे. या वेळी चष्मा व हातमोजे वापरावेत आणि नटावर फडके धरून तोंड दूर ठेवावे. अलीकडच्या कॉमन रेल पद्धतीच्या ट्रॅक्टरवर ही परीक्षा कदापि करू नये. तेथील दाब कित्येक पटींनी अधिक असतो.

डिझेलच्या बारीक धारेपुढे हात कधीही नेऊ नये. ती कातडीत शिरते. बाहेरून जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी आत गंभीर इजा होते. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता जखमीस तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि डिझेल कातडीत शिरल्याचे डॉक्टरांना सांगावे. गळती शोधण्यास हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

बदलण्याची रीत

इंजिन थंड झाल्यावर इंजेक्टरभोवतीची जागा डिझेलने धुऊन कोरडी करावी. नळ्या सोडताच त्यांची तोंडे स्वच्छ टोपणांनी बंद करावीत. इंजेक्टर काढल्यावर जुना वॉशर पुष्कळदा भोकाच्या तळाशीच चिकटून राहतो. तो न काढता त्यावर नवा बसविल्यास नोझल वर उचलले जाते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. म्हणून जुना वॉशर निघाल्याची खात्री करून तळाची काजळी साफ करावी. ती सिलिंडरमध्ये पडू देऊ नये.

इंजेक्टरची तपासणी पंप-नोझलचे काम करणाऱ्या दुकानात, यंत्रावरच करवावी. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा पडतो. उघडण्याच्या दाबाहून थोडा कमी दाब 10 सेकंद धरला असता टोकाशी थेंब जमू नये. सुई व तिचे घर ही जोडी असते. एकाची सुई दुसऱ्यात घालू नये.

परत जोडताना मूळ जाडीचे नवे वॉशर वापरावेत. वापरलेले तांबे दबून कठीण होते व जागा नीट धरीत नाही. इंजेक्टरचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावेत. गळती थांबेना म्हणून अधिक आवळल्यास आटे जातात किंवा नोझल अडकते.

शेवटी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंपाने हवा काढावी. बुडबुडे थांबल्यावर स्क्रू आवळावा. मग इंजेक्टरकडील नट सैल ठेवून इंजिन फिरवावे व डिझेल येताच ते घट्ट करावेत. तेलात डिझेल उतरले असल्यास तेल व त्याचा फिल्टर बदलल्याखेरीज ट्रॅक्टर कामास लावू नये.

हंगामापूर्वीची दक्षता

ही तपासणी उन्हाळ्यातच उरकणे इष्ट होय. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चैत्र-वैशाखात ट्रॅक्टरधारकांना एकत्र बोलावून, जाणत्या फिटरकडून एका ट्रॅक्टरवर हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरच्या मापाचे वॉशर घरी बाळगावेत आणि डिझेल गाळून, झाकलेल्या भांड्यात ठेवावे. एवढी काळजी घेतल्यास जुना ट्रॅक्टरही पेरणीच्या दिवशी धन्याची साथ सोडणार नाही.