रविवारची पंगत, सूर्य मावळण्याआधी

वैशाखातील रविवारी सायंकाळचे जेवण निवांत व्हावे, अशी घरातील प्रत्येकाची अपेक्षा असते. मात्र चौविहार पाळणाऱ्या घरात या निवांतपणालाही वेळेची मर्यादा असते. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत सूर्य सुमारे ७ वाजून ५ मिनिटांनी मावळतो, नागपुरात त्याहून वीस मिनिटे आधी. सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी जेवण आटोपण्याची रीत जेथे आहे, तेथे मुंबईतही सव्वासहाच्या सुमारास हात धुतलेले असावे लागतात. हिशेब उलटा मांडला, तर साडेपाचला पाने वाढण्यासाठी गृहिणीला चारच्या आधीच शेगडीपाशी उभे राहावे लागते. जळगाव, अकोला, नागपूर या भागांत दिवसभरातील सर्वांत तापलेली वेळ नेमकी हीच. तेव्हा निवांत जेवण कोणासाठी निवांत, हा प्रश्न अनेक घरांत गेल्या काही वर्षांत मोकळेपणाने विचारला जाऊ लागला आहे, आणि त्याचे उत्तरही स्वयंपाकघरातच शोधले जात आहे.

व्यापारी कुटुंबात रविवारच्या पंगतीचे मोल वेगळे सांगावयास नको. आठवड्याचे सहा दिवस घरातील कर्ते पुरुष पेढीवर असतात. पाच वाजता घरून डबा जातो आणि गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता गल्ल्यामागे चार घास खाल्ले जातात. मोठ्या बाजारपेठांजवळ संघाची चौविहारगृहे आहेत, तेथे धावतपळत जाऊन येणारेही पुष्कळ. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने कामगारांची साप्ताहिक सुट्टी कायम राखून दुकान सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, त्यामुळे हक्काचा बंद वारही काही पेठांत सैल पडला आहे. म्हणून ज्या घरात रविवार अजून राखला जातो, तेथे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका वेळी ताटावर बसण्याची आठवड्यातील ती एकच सायंकाळ असते. उन्हाळ्याची एक कृपा अशी, की दिवस मोठा असतो. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सहालाच सूर्य मावळतो. मे महिन्यात त्याच घराला तासाभराची जास्तीची सवड मिळते.

अडचण दुसरीकडे आहे. शनिवारी करून ठेवून रविवारी गरम करण्याची सोय येथे नाही. रात्र उलटलेली पोळी, भात वा भाजी वासी ठरते आणि ताटात येत नाही. त्यामुळे जे करावयाचे ते त्याच दिवशी, आणि उरणार नाही इतक्याच मापाने. पंधरा माणसांच्या घरात एकही पोळी शिल्लक न राहता सगळ्यांचे पोट भरणे, हा हिशेब पेढीवरील रोजमेळाइतकाच नेटका असतो. त्याची वही मात्र कोणी लिहीत नाही.

सोपे आणि सर्वांना आवडणारे जेवण म्हणून उन्हाळ्यात पहिला मान अर्थात आमरसाचा. रसासाठी निव्वळ हापूस वापरण्यापेक्षा त्यात पायरी मिसळावी, हे जुन्या बायकांचे मत आजही खरे ठरते. हापूसचा दाटपणा आणि पायरीची किंचित आंबूस धार एकत्र आली, की रसात वरून साखर घालावी लागत नाही. गुजराती घरांत केशर आंब्याला पसंती असते. जुनागढ-गीर परिसरातील या आंब्याला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता मराठवाड्याचा केशरही स्वतःच्या मानांकनासह बाजारात उभा आहे. आंबे तासभर पाण्यात ठेवावेत, रस हातानेच काढावा, वाढताना वर चिमूटभर सुंठ आणि चमचाभर साजूक तूप घालावे. ओले आले कंदमुळात मोडते, सुंठ चालते. पचनाचे काम तीच करते.

रसाबरोबर पुरी हे समीकरण रूढ असले, तरी चारच्या उन्हात कढईपुढे उभे राहून शंभर पुऱ्या तळणे याला निवांत स्वयंपाक म्हणता येणार नाही. म्हणून अनेक घरांत बेपडी रोटली पुन्हा मानाने परतली आहे. कणकेच्या दोन लहान लाट्या घ्यावयाच्या, एकीला तूप लावून त्यावर कोरडे पीठ भुरभुरावयाचे, दुसरी तिच्यावर ठेवून दोन्ही एकत्र पातळ लाटावयाच्या. तव्यावरून उतरताच हाताने दोन पदर अलग होतात. एका वेळी दोन पोळ्या भाजल्या गेल्याने तव्यापुढचा वेळ जवळजवळ निम्मा होतो, आणि पोळी इतकी मऊ राहते की दात नसलेल्या आजीलाही रसात बुडवून खाता येते. कोल्हापूर-सांगलीकडील घरांत हेच काम शेवया करतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळवून ठेवलेल्या शेवया उकळत्या पाण्यात काही मिनिटांत शिजतात. पाणी निथळून त्यावर रस ओतला, की जेवण तयार. खानदेशात आखाजीला रसाबरोबर खापरावरची पुरणपोळी होते खरी, पण तो सणाचा थाट आहे आणि त्याला चार हात लागतात. रविवारी त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे.

रस काढून झाला, की उरतात कोयी आणि साली. गुजराती घरांत त्या फेकत नाहीत; त्यांचा फजेतो होतो. नाव विनोदी असले, तरी पदार्थ फार देखणा आहे. कोयी-साली थोड्या पाण्यात चोळून घ्यावयाच्या, ते पाणी गाळावयाचे, त्यात दही आणि बेसन घालून कढी करावयाची आणि वर तूप, जिरे, हिंग, कढीपत्ता व सुक्या मिरचीची फोडणी. येथे द्विदलाचा नियम सांभाळावा लागतो. कच्चे दही आणि डाळीचे पीठ एकत्र येऊ नये, म्हणून दही आधी वेगळे, बोटाला चांगला चटका बसेल इतके तापवून घ्यावयाचे आणि मगच बेसन मिसळावयाचे. दही फुटू नये म्हणून आच मंद ठेवून ढवळत राहणे, एवढे एकच कसब यात आहे. नव्या सुनांना ही कृती पुस्तकातून कळत नाही. सासूच्या किंवा मोठ्या जावेच्या शेजारी एकदा उभे राहिले, की कायमची येते.

चौविहाराच्या घरात उन्हाळ्यातील खरी परीक्षा भुकेची नसते, तहानेची असते. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. तिविहार करणाऱ्यांना तेवढी सवलत. अशा वेळी सायंकाळच्या ताटात काय आहे, यावर रात्रीची झोप अवलंबून असते. तळलेले, खारट, तिखट ताट जिभेला गोड लागते आणि साडेनऊला घसा कोरडा पाडते. म्हणून अनुभवी गृहिणी रविवारचा चमचमीत पदार्थ दुपारी उरकतात आणि सायंकाळ सौम्य ठेवतात: मऊ मुगाची खिचडी, तिच्यावर तूप, सोबत पातळ कढी आणि काकडीच्या फोडी. खिचडीत डाळ असल्याने तिच्याबरोबर कच्चे ताक चालत नाही, कढी चालते. दहीभात करावयाचा असेल, तर फोडणीतून उडदाची डाळ वगळावयाची. मोहरी, जिरे आणि कढीपत्ता पुरे. दुधी किसून केलेले मुठिये वाफेवर ठेवले, की वीस मिनिटे कोणी शेजारी उभे राहण्याची गरज नसते. जेवणाच्या तासभर आधी कैरीचे पन्हे किंवा बडीशेपेचे सरबत फिरते. कडक नियमाच्या घरात बर्फ वर्ज्य असतो. तेथे सकाळी उकडलेल्या कैरीचे पन्हे मातीच्या भांड्यात ओल्या फडक्याखाली ठेवले, तर पाचपर्यंत ते पुरेसे गार होते.

मुलांचे म्हणणे वेगळे असते, आणि त्यांचे ऐकल्यावाचून रविवार होत नाही. पावभाजीत बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने घेतली, त्याला आता बराच काळ लोटला. केळी सालीसकट वाफवून कुस्करली, सोबत दुधी, मटार, ढोबळी मिरची व टोमॅटो घातला आणि कांद्याचा दाटपणा आणण्यासाठी बारीक चिरलेली कोबी परतून घेतली, की भाजीला अंग येते. हिंग हात सैल ठेवून घालावा. मराठी वाचकाला भाकरी म्हणजे ज्वारी-बाजरीची आठवते, पण गुजराती घरातील कणकेची जाड, कुरकुरीत भाखरी हा पिझ्झ्याचा उत्तम पाया ठरला आहे. बेकरीचा पाव ज्यांना चालत नाही, त्यांची अडचण तिने सोडवली. वरच्या चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट नाही ना, हे वेष्टन वाचून पाहण्याचे काम मुलांकडेच द्यावे. ती ते काकीपेक्षा बारकाईने करतात.

अष्टमी किंवा चतुर्दशी रविवारीच आली, की हिरव्या भाज्या मागे पडतात आणि मारवाडी घरांचे भांडार उघडते: केर-सांगरी, गट्टे, पापडाची भाजी, मेथीदाणा. त्या दिवशी पिकलेला आंबा घ्यावा की नाही, याबाबत घरोघर प्रथा निराळी आहे. ती मोडण्याची किंवा शेजाऱ्यावर लादण्याची गरज कोणाला वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पदार्थ हलके झाले, तव्याचा वेळ कमी झाला, तरी तापल्या वेळी एकटीनेच आत उभे राहावयाचे असेल, तर फार काही बदलले असे म्हणता येणार नाही. बदल झाला आहे तो कामाच्या वाटणीत. आंबे धुणे, माचणे, रस काढणे हे काम कित्येक घरांत आता पूर्णपणे पुरुषांचे आणि मुलांचे झाले आहे. ते ओसरीवर, पंख्याखाली, मोठे पातेले मध्ये ठेवून चालते. पेटीतील कोणता आंबा आज आणि कोणता मंगळवारी, हे धान्याची पारख असलेल्या आजोबांना चटकन कळते. भाज्या चिरणे, पन्ह्याची कैरी उकडणे, मुठियांचा दुधी किसणे सकाळी नऊच्या आत आटोपते. साडेतीनला उरते ती फक्त आच. पाने उचलणे आणि पाट आवरणे ज्यांच्याकडे सोपवले आहे, त्या दीर-भाच्यांची पहिल्या काही रविवारी थट्टा होते; पुढे ती थांबते. पावणेसातला गॅस बंद झालेला असतो, ओटा पुसलेला असतो. शेजारच्या घरांत त्या वेळी फोडणीचा वास सुटू लागतो, आणि या घरातील बायका प्रतिक्रमणाला, गच्चीवर किंवा माहेरच्या माणसांशी बोलायला मोकळ्या झालेल्या असतात.

हे आंब्याचे रविवार तसे थोडेच. अक्षय्य तृतीयेपासून धरले, तर सूर्य आर्द्रा नक्षत्रात जाईपर्यंत, म्हणजे साधारण २२ जूनपर्यंत, हाती सात-आठच लागतात. आर्द्रा लागली, की अनेक श्वेतांबर घरांत आंबा त्या वर्षापुरता सुटतो, मग बाजारात तो कितीही स्वस्त होवो. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच पेट्यांची मोजदाद होते. किती आंबे उरले, किती पाहुणे येणार, शेवटच्या रविवारी रस किती वाट्या निघेल, याचा आकडा आजोबा सांगतात आणि सून तो मनात दुरुस्त करून घेते. त्यातूनही दोन-चार फळे उरलीच, तर ती सोमवारी सकाळी पिशवीत घालून शेजारी दिली जातात, आणि रिकामी पेटी माळ्यावर जाते.