शर्यतीचं अंतर बदललं, की स्पीड वर्कआउटही बदला!

शर्यत ५ किमीची असो की ४२ची, सगळ्यांनी ४०० मीटरच्याच चकरा मारायच्या, असं बऱ्याच ग्रुपमध्ये चालतं. पण प्रत्येक अंतर शरीराकडून वेगळं काही मागतं.

५ किमीसाठी इंटरव्हल हवेतच. टार्गेट पेसने १००० मीटर, पाच वेळा. मध्ये २-३ मिनिटं हळू जॉगिंग. शेवटचा रिपीट पहिल्याच्याच वेळेत आला पाहिजे. पहिलाच जीव तोडून पळालात, की चौथ्याला खांदे कानाकडे चढतात, पावलं आपटायला लागतात आणि वर्कआउट वाया जातो.

१० किमी आणि हाफसाठी मला टेम्पो रन सर्वात मोलाचा वाटतो. तासभर टिकेल असा पेस, २० मिनिटं सलग. दोन-चार शब्द बोलता येतात, गप्पा मारता येत नाहीत. सातारा हिल मॅरेथॉनला जाणाऱ्यांनी यातला काही भाग चढावर करावा. तिथल्या यवतेश्वरच्या घाटात घड्याळातला पेस विसरा, श्वासाकडे लक्ष ठेवा.

फुल मॅरेथॉनला लाँग रनचे शेवटचे ८-१० किमी मॅरेथॉन पेसने पळा. 'यासो ८००' प्रसिद्ध आहेच: ८०० मीटर १० वेळा, प्रत्येकी ४ मिनिटांत जमले तर मॅरेथॉन ४ तासांत. पण लाँग रन कमी पडले असतील, तर हा अंदाज हमखास चुकतो.

असे वर्कआउट आठवड्याला एक, फार तर दोन. आधी १५ मिनिटं वॉर्मअप कराच. आणि नुकतंच पळायला लागला असाल, तर पहिले काही महिने नुसतं आरामात पळा.